दम छातीत, इलाज मांडीत

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी ६३ वर्षांची, वेंगुर्ले तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. विडी-सिगारेट कधी हातात धरली नाही, पण सगळा जन्म चुलीपुढे गेला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी यंत्रात फुंकायला लावलं आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, आहे म्हणून सांगितलं. श्वासातून औषध घ्यायचे पंप चालू आहेत, पहिल्यापेक्षा बरं आहे. पण विहिरीवरून घराकडे येणारी घाटी चढताना दोनदा टेकावं लागतं. केस विंचरतानासुद्धा धाप लागते. गेल्या गणपतीत माटवी (मूर्तीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला हात वर केले आणि मटकन खाली बसले, शेवटी सुनेने बांधली. मागच्या महिन्यात फिजिओथेरपिस्ट ताईंनी पायाला वाळूची पिशवी बांधून आणि हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यायाम सांगितला. मुलगा मुंबईला असतो, तो फोनवर चिडला. "चालताना दम लागतो आणि वजनं कसली उचलतेस? काही झालं म्हणजे?" जाऊबाई हसतात, "काय गो, ह्या वयात तालीम करतंस?" खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. त्यापेक्षा फुगे फुगवून फुप्फुस मजबूत होणार नाही का? वजन उचलू की नको, एकदा नीट सांगा.
एक दमेकरीण

काकी,

उचला. तुमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंचं बरोबर आहे. मीही त्याच कामातली, म्हणून तिची बाजू घेतेय असं वाटेल, तेव्हा कारणासकट सांगते. हे सगळं मुलाला पाठवा. त्याच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. आईला घाटीवर धापा टाकताना बघितलेला माणूस 'वजन' म्हटल्यावर दचकणारच. पूर्वी डॉक्टरसुद्धा अशा पेशंटला आराम करायलाच सांगायचे, आणि तो सल्ला लोकांच्या डोक्यात अजून घट्ट बसलेला आहे.

विडी न ओढता हा आजार मला कसा, असं तुम्ही विचारलेलं नाही. पण पत्राच्या सुरुवातीलाच ते लिहिलंत, म्हणजे मनात आहे. लाकूड, शेणी, नारळाची सोडणं जाळून निघणारा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला की हा आजार होतो. आपल्या देशात तंबाखूला हात न लावता सीओपीडी झालेल्या बायका पुष्कळ आहेत. तुमचा त्यात काही दोष नाही. स्वयंपाक करायला दुसरी जागा होती कुठे?

आता मुद्द्याचं. धुराने श्वासनळ्या आतून सुजतात, अरुंद होतात. अशा नळ्यांतून श्वास आत जातो कसातरी, बाहेर पडताना मात्र अडकतो. घाटीवर तुम्ही भरभर श्वास घ्यायला लागता, आधीचा पुरता बाहेर पडलेला नसतो तोवर पुढचा आत येतो. छातीत हवा साठत जाते आणि मग नव्या श्वासाला जागाच उरत नाही. पंप त्या नळ्या थोड्या मोकळ्या करतो. झालेली हानी भरून काढणारं औषध मात्र अजून नाही, आणि व्यायामानेही ती भरून निघत नाही. हे आधीच स्वच्छ सांगते, कारण चार महिने वजनं उचलून तुम्ही पुन्हा यंत्रात फुंकलंत तर आकडा जवळपास तोच येईल, आणि कोणीतरी म्हणेल, "बघ, काय उपयोग झाला?"

उपयोग दुसरीकडे होतो. धाप लागायला लागल्यावर तुम्ही काय केलंत आठवा. विहिरीवर सून जायला लागली असेल. लावणीला चिखलात उतरणं सुटलं असेल. बाजाराला रिक्षा. दुपारचं जरा जास्त लवंडणं. यात चुकीचं काही नाही, दम लागणारा प्रत्येक माणूस हेच करतो. पण वापरात नसलेली मांडी झिजते. शिवाय या आजारात शरीरात कायम थोडी सूज असते, जेवण कमी जातं, दम वाढला की अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या होतात, आणि या सगळ्याचा मार स्नायूंवर पडतो. मोजून पाहिलं तर सीओपीडीच्या माणसाच्या मांडीची ताकद त्याच्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा साधारण २० ते ३० टक्के कमी भरते.

अशक्त मांडी लवकर थकते आणि थकताना आम्ल तयार करते. त्याचा निचरा करताना शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो बाहेर टाकायचं काम कोणाचं? आधीच दमलेल्या फुप्फुसाचं. म्हणजे घाटीवर लागणाऱ्या धापेतला एक वाटा मुळात तुमच्या मांड्यांचा आहे, बोलणी मात्र सगळी छातीला बसतात. जुन्या एंजिनाच्या होडीसारखं आहे हे. एंजिन बदलायची सोय नसली तरी होडी वर ओढून तळाला चिकटलेल्या शिंपा खरवडल्या, तर तेच एंजिन तिला पुष्कळ पुढे नेतं. तुमच्या बाबतीत हात घालण्यासारखी जागा आहे ती मांडी, पोटरी, खांदा. म्हातारपणीसुद्धा स्नायू वजनाला साथ देतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

मुलाचा प्रश्न असा, की चालून दम लागतो तर वजनाने जास्त लागणार नाही का? वाटतं तसं, पण होतं उलट. चढावर दोन्ही पाय सतत चालू असतात, मोठमोठे स्नायू एकदम ऑक्सिजन मागतात, आणि मध्ये थांबायला मिळत नाही. खुर्चीत बसून एक पाय दहा वेळा उचलला तर काम एकाच मांडीला, तेही अर्धा मिनिट. मग विश्रांती. मांडीची पुरी दमछाक होते, पण फुप्फुसावर तेवढी मागणी येतच नाही. म्हणून ज्यांना पाच मिनिटंही सलग चालवत नाही त्यांना आम्ही आधी वजनावर घेतो आणि चालणं मागाहून वाढवतो.

हे कालपरवाचं फॅडही नाही. १९९२ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशाच पेशंटचे दोन गट पाडून एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, वजनं उचलायला लावली होती. त्या गटाची ताकद तर वाढलीच, शिवाय सायकलवर ठरावीक जोर लावून टिकून राहण्याचा त्यांचा वेळ जवळपास पाऊणपट वाढला. नुसती वजनं उचलून! आज जगभरात फुप्फुसाच्या पेशंटसाठी जे पुनर्वसनाचे वर्ग चालतात, त्यांत चालण्याबरोबर वजन असतंच. आपल्याकडे असे वर्ग तालुक्याच्या गावात सहज मिळत नाहीत. म्हणून तर घरात, पडवीत, बाटली-पिशवीवर भागवायचं.

फुग्यांचं एका दमात सांगते. फुगा फुगवून किंवा ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र ओढून सीओपीडी सुधारत नाही. ऑपरेशन झाल्यावर ते यंत्र देतात त्याचं कारण वेगळं. तुमच्या फुप्फुसात हवा आधीच कोंडलेली आहे, तिच्यावर आणखी जोर कशाला? नातवंडांसाठी एखाददुसरा फुगवलात तर फुगवा, व्यायाम म्हणून नको.

सुरू करायच्या आधी दोन-तीन गोष्टी डॉक्टरांशी बोलून घ्या. छातीत दुखतं का, चक्कर येऊन पडलात का, रक्तदाब ताब्यात आहे का, हृदयाचं काही निघालंय का. खोकून खोकून हर्निया झाला असेल किंवा कधी फुप्फुस फुटून हवा बाहेर आली असेल, तर तेही सांगा. घरात कोणाला क्षय असेल आणि तुम्हालाही खोकला, ताप, वजन घटणं असं काही असेल, तर आधी थुंकीची तपासणी. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या वरचेवर झाल्या असतील तर हाडांबद्दल जरूर विचारा. तुमच्या वयाला मणका ठिसूळ असू शकतो, त्यामुळे वजन हातात धरून कमरेतून पुढे वाकायचं काहीच करायचं नाही. वाकून चिरा उचलणं, भरलेला हंडा उचलणं हा व्यायाम नव्हे. त्याने कंबर जाते.

आता करायचं काय. मला एकच व्यायाम सांगायची परवानगी असती तर मी खुर्चीतून उठणं-बसणं सांगितलं असतं. पाठीची लाकडी खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची नको, आपल्या शेणाच्या किंवा गुळगुळीत लादीच्या जमिनीवर ती मागे सरकते आणि माणूस खाली बसतो. पुढे सरकून कडेवर बसा, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, हात छातीवर घडी. पुढे झुका आणि उठा, मग सावकाश बसा. धपकन बसायचं नाही, कारण सावकाश खाली येतानाही मांडी काम करते आणि त्याचाही फायदा होतो. सुरुवातीला हातांनी मांडीवर जोर द्यावा लागला तर द्या. तेही जमलं नाही तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. आणि अगदीच सोपं जायला लागलं की पोटाशी तांदळाची दोन किलोची पिशवी धरून उठा. मग बघा मांड्या कशा बोलतात.

यात एक छोटी परीक्षाही आहे. पहिल्या दिवशी सुनेला मोबाईलवर वेळ लावायला सांगा आणि हात न लावता पाच वेळा उठून बसा. किती सेकंद लागले ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा, त्याच खुर्चीवर. पावणेदोन सेकंद कमी झाले तरी ती खरी सुधारणा समजतात. दम किती लागतो हे मनाला आठवत नाही, आजचा दिवस वाईट असला की सगळा महिना वाईट वाटतो. आकडा मात्र लिहिलेला असतो.

वाळूची पिशवी दुसऱ्या व्यायामाला. जुन्या पँटच्या कापडाची लांबट पिशवी शिवा, मधोमध टीप मारून दोन कप्पे करा, म्हणजे घोट्यावर नीट बसते. किनाऱ्यावरची वाळू चालेल, आधी धुऊन खडखडीत वाळवा, नाहीतर पावसाळ्यात पिशवीला बुरशी येईल. (एवढ्या वाळूला तहसीलदार विचारणार नाहीत.) अर्ध्या किलोपासून सुरू करा. खुर्चीत मागे टेकून बसायचं, एक पाय गुडघ्यात सरळ करायचा, क्षणभर धरायचा, हळूच खाली. मग दुसरा पाय. पायाला सूज किंवा मधुमेहाने बधिरपणा असेल तर पट्टी आवळून बांधू नका.

पोटरीसाठी खिडकीचे गज धरून टाचा उचला. ओटीच्या पायरीवर एक पाय ठेवून वर चढा, उतरा, हात भिंतीला. हे घाटीच्या सगळ्यात जवळचं, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नको, आधी खुर्ची जमू द्या.

हातांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण केस विंचरताना लागणारी धाप ही तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. पाठीवर पाणी घेताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, फळीवरचा डबा काढतानाही लागत असणार. या आजारात मान आणि खांद्यांचे स्नायू श्वास घ्यायला मदत करत असतात, निरोगी माणसात बसल्याबसल्या त्यांच्यावर ही वेळ येत नाही. तुम्ही हात वर केलेत की त्याच स्नायूंना हात पेलायचं कामही लागतं. एकाच माणसाला दोन पाळ्या. धाप लागणारच. माटवीखाली तुम्ही मटकन बसलात त्याचं कारण हे. तुमच्या हातात जोर नाही किंवा वय झालं, एवढंच त्यात नाही.

यावर दोन बाजूंनी काम करायचं. एक, खांदे-दंड तयार करायचे. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलो. एका वेळी एकच हात. पहिले काही आठवडे खांद्याच्या उंचीपर्यंतच, पुढे आणि बाजूला. ते सोपं गेलं की मग डोक्याच्या वर. पुढे एक लिटरची बाटली घ्या, आणि तीही हलकी झाली तर तिच्यात पाण्याऐवजी कोरडी वाळू भरा, दीड किलोच्या आसपास होते. भिंतीला दोन्ही तळवे टेकून, हातभर लांब उभं राहून भिंतीवर झुकणं आणि मागे येणं हाही चांगला व्यायाम, आणि यात हात टेकलेले असल्याने श्वासाला त्रास कमी. सायकलची जुनी ट्यूब पडवीच्या खांबाला अडकवून दोन्ही टोकं स्वतःकडे ओढलीत तर पाठ तयार होते. बाजारातल्या रबरी पट्ट्यापेक्षा ट्यूब चिवट निघते असं माझं मत आहे.

दुसरं, काम करायची रीत बदलायची. केस विंचरताना बसा आणि कोपरं टेबलावर टेका. कपडे वाळत घालायची दोरी खांद्याच्या उंचीवर आणा. माटवीचंही तेच. फळं, कवंडळं, आंब्याचे टाळे सगळं ती खाली टेबलावर असताना बसून बांधा, आणि मग मुलांना वर लावायला सांगा. यात कमीपणा कसला? बांधायची कोणती वस्तू कुठे, हे तुमच्याशिवाय घरात कोणाला ठाऊक आहे?

आता श्वास. ही एक गोष्ट चुकली तर बाकी सगळं व्यर्थ. जोर लावताना माणूस आपोआप श्वास कोंडतो. तुम्ही कोंडू नका. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो, डोक्यात गरगरतं, आणि सोडल्यावर धाप दुप्पट वाटते. जोर लावायच्या आधी नाकाने श्वास घ्या, आणि उठताना, उचलताना ओठांचा चंबू करून फूऽऽ करत सोडा. बसताना, खाली आणताना पुन्हा आत. घेतला त्याच्या निदान दुप्पट वेळ सोडायला लावायचा. हीच रीत विहिरीवरून भरलेली कळशी उचलतानाही वापरा, घाटी चढतानाही. पहिला आठवडा वजन नको, नुसता हा ताल हातापायांना लावून घ्या.

प्रमाण असं. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून. स्नायू वाढतो तो त्या मधल्या दिवसात, त्यामुळे उत्साहाच्या भरात रोज करू नका. एका व्यायामाच्या ८ ते १२ वेळा म्हणजे एक सेट. पहिल्या आठवड्यात एकच सेट, मग दोन, महिनाभरात तीन. वजन असं हवं की शेवटच्या दोन वेळा खरोखर जड जातील. बारा वेळा सहज होतात आणि तुम्ही गप्पा मारताय, तर ते वजन फार हलकं आहे, त्याने काही होणार नाही. इथे बहुतेक जण फसतात. भीतीपोटी वर्षभर अर्ध्या किलोची बाटली हलवत राहतात आणि म्हणतात, "करून बघितलं, फरक नाही." व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी बाराच्या पुढे एक-दोन जास्त जमले, की वजन थोडं वाढवायचं.

दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं बसा. एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं की पुढचा सेट. दम मोजायला आमच्याकडे शून्य ते दहाची पट्टी असते, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जातो. व्यायामात दम किंवा पायांचा थकवा चार ते सहावर असावा. थोडासा दम लागणं म्हणजे बिघाड नव्हे, हे मुलाला विशेष सांगा. सात-आठवर गेलात तर थांबा. छातीत दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, ओठ निळसर दिसले, धडधड थांबेना, तर त्या दिवशीचं बंद आणि डॉक्टर. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर मात्र घाबरू नका, ती मेहनतीची कळ आहे, दोन-तीन दिवसांत जाते.

आराम देणारा पंप डॉक्टरांनी दिला असेल तर त्यांना विचारून व्यायामाच्या १०-१५ मिनिटं आधी घ्या. आणि एकदा तुमच्या फिजिओ ताईंसमोर पंप ओढून दाखवा. औषध घशात चिकटतं आणि फुप्फुसात जातच नाही, असे पंप ओढणारे मी फार बघते. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला की पुष्कळ सोपं होतं.

मुलाला काळजी आहे ना, मग त्याला काम द्या. पुढच्या खेपेला येताना बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन ये म्हणावं. व्यायामाआधी आणि सेट संपल्यावर त्यावरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघायचा. ८८ च्या खाली गेला तर थांबायचं, ओठांचा चंबू करून श्वास सोडत बसायचं, आणि वारंवार जात असेल तर डॉक्टरांना सांगायचं, कारण मग ऑक्सिजनचा विचार करावा लागतो. बोट गार असलं, नखाला मेंदी किंवा रंग असला तर आकडा खोटा येतो. दिवसातून वीस वेळा बघत बसू नका मात्र. त्या आकड्याने घाबरूनच दम लागलेली माणसं मला माहीत आहेत. आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर त्याच्यासमोर खुर्चीचा व्यायाम करा. डोळ्यांनी बघितलं की त्याचा आवाज उतरेल.

जाऊबाईंना म्हणावं, ये, तूही हात न लावता दहा वेळा ऊठ-बस करून दाखव. वयाने त्यांच्याही मांड्या झिजतायत, फुप्फुस धड असल्याने अजून कळलेलं नाही इतकंच. दोघी मिळून केलंत तर चुकवाचुकवी कमी होईल.

खाण्याकडे बघायलाच हवं, नुसत्या पेजेवर आणि लोणच्यावर स्नायू होत नाही. किलोमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं दिवसाला हवीत, म्हणजे तुमचं वजन ५० किलो धरलं तर साठेक ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात किंवा तारलीत वीसच्या आसपास मिळतात, एका अंड्यात सहा. सोमवार-गुरुवार किंवा श्रावण असेल तर कुळथाची पिठी जरा दाट करा, मुगागाठी, चवळीची उसळ, ताक. सुकट-खारं रोज नको, मीठ फार जातं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. एकदम पोटभर जेवलं की पोट छातीला वर दाबतं, म्हणून थोडं थोडं चार-पाचदा खा, आणि जेवणानंतर दीड-दोन तास व्यायाम नको. तुमचं वजन कारण नसताना घटत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. या आजारात बारीक होणं चांगलं लक्षण नाही.

धुराबद्दल तुम्ही म्हणाल, आता गॅस आहे. स्वयंपाकाला आहे, पण न्हाणीतलं पाणी? ते अजून चुलाणावर तापत असेल आणि त्यात झावळं-सोडणं सारायला तुम्हीच बसत असाल, असा माझा अंदाज आहे. ते काम दुसऱ्या कोणाला द्या, जमलं तर सौर हीटर किंवा विजेचा गिझर घ्या. उन्हाळ्यात भाजावळीचा धूर वाडीभर पसरतो, पातेरा जाळतात. त्या दिवशी दारं लावून आत बसा आणि व्यायामही आतच करा. वजनं उचलून मिळवलेलं एका धुराच्या दिवसाने घालवू नका. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेतली नसेल तर पावसाळ्याआधी विचारून घ्या.

आणि कधीतरी दम वाढेल, कफ पिवळा-हिरवा होईल, अंगात कसकस येईल. आपल्याकडच्या दमट हवेत हे व्हायचंच. तेव्हा वजनं बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा, वाट बघू नका. पण ताप गेला, दम नेहमीसारखा झाला की अंथरुणात पडून राहायचं नाही. आजारपणाच्या आठवड्याभरातच मांडी पुष्कळ उतरते. इस्पितळात राहावं लागलं असेल तर घरी आल्यावर डॉक्टरांना विचारून पहिल्या काही आठवड्यांतच पुन्हा सुरू करा. आधीच्या अर्ध्या वजनावर, एका सेटपासून. पहिल्यापेक्षा मागे गेलात म्हणून वैतागू नका, दुसऱ्या खेपेला ताकद लवकर परत येते.